पोर्शे ७१८ केमन, नाशिकमध्ये तीन वर्षं: किती दामटायची आणि कुठे जपायची

केमन घेऊन तीन वर्षं झाली, माझ्या हातात आल्यापासून २३ हजार किमी चालली, आणि त्यातले बहुतेक नाशिक आणि आजूबाजूच्या घाटांतले. या तीन वर्षांत लोकांनी किंमत विचारली, अ‍ॅव्हरेज विचारलं, पण सगळ्यात जास्त वेळा विचारलं ते हे की अहो ताई एवढी पिळता तुम्ही ती गाडी, खराब नाही होणार का. म्हणून रिव्ह्यू लिहितेय तो याच प्रश्नाभोवती, बाकी फीचर वगैरे सगळीकडे वाचायला मिळतात. माझं मत आधीच सांगून टाकते, रेडलाइनने, म्हणजे इंजिन फिरण्याच्या कमाल मर्यादेपर्यंत नेल्याने, ही गाडी खराब होत नाही, थंड इंजिनावर घाई केली, तापलेले ब्रेक दाबून उभं राहिलं आणि खड्डा दिसला नाही, यानेच होते. आणि महिनोन्महिने झाकून ठेवली तर त्याहून जास्त होते.

गाडी २०१८ ची आहे, २.० लिटर चार सिलिंडर टर्बो, ३०० पीएस ताकद, ३८० एनएम टॉर्क, इंजिन सीटच्या मागे, सात गिअरचा पीडीके, म्हणजे पोर्शेचा दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. वजन १३६५ किलो, म्हणजे आजकालच्या एसयूव्हीपुढे अगदीच हलकी. सेकंडहँड घेतली. घेताना दोन गाड्या बघितल्या आणि ती गोष्ट सांगण्यासारखी आहे. एक होती फक्त सहा हजार किमी चाललेली, एसी गॅरेजमध्ये ठेवलेली, काचेसारखी चकचकीत, आणि दुसरी १९ हजार चाललेली, पुढच्या बंपरवर बारीक दगडांचे टिपके. पोर्शेच्या ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिनाच्या कंप्युटरमध्ये, ओव्हर-रेव्हची, म्हणजे इंजिन मर्यादेला किंवा तिच्या पुढे फिरल्याची, नोंद राहते, सहा रेंज असतात, इंजिन कुठल्या रेंजमध्ये किती वेळा गेलं आणि शेवटचं कितव्या तासाला गेलं हे त्यात दिसतं. घेण्याआधी हा रिपोर्ट मागायचाच, कोणी द्यायला टाळाटाळ केली तर तिथून निघायचं. १९ हजारवालीच्या खालच्या रेंजमध्ये भरपूर नोंदी होत्या, म्हणजे आधीच्या मालकाने रेडलाइनला मनसोक्त नेलेली, आणि वरच्या धोक्याच्या रेंज पूर्ण कोऱ्या. सहा हजारवालीचा रिपोर्ट स्वच्छ होता, पण टायर उभे राहून एका जागी चपटे झालेले, बॅटरी मेलेली आणि इंजिनाखाली ऑइलचा ओलावा. घरच्या सगळ्यांचा कल चकचकीत गाडीकडे. मी चाललेली घेतली आणि आजवर एकदाही पस्तावले नाही, इंजिनाला ऑइल, फिल्टर आणि प्लग सोडून काही लागलेलं नाही.

आता रविवारची सकाळ सांगते म्हणजे किती आणि कसं ते कळेल. घर गंगापूर रोडला. साडेपाचला गाडी काढते, मखमलाबादवरून पेठ रोडला लागते आणि सावळघाट, कोटंबी घाट करून पेठपर्यंत जाते. स्टार्ट केल्यावर उभी करून तापवत बसत नाही, अर्ध्या मिनिटात निघते, कारण आयडलवर थंड इंजिन जास्तीचं पेट्रोल ओढतं, ते सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली ऑइलमध्येच मिसळतं, आणि तापायला वेळ लागतो तो वेगळाच. निघायचं, पण हळुवार. तीन हजारच्या वर आरपीएम नाही, अ‍ॅक्सिलरेटर अर्ध्याच्या आत. इथे बरेच जण फसतात ते कूलंटच्या काट्याला बघून. कूलंट पाच मिनिटांत ९० ला जातं आणि माणसाला वाटतं झाली गाडी गरम, पण ऑइल त्याच्या मागे रेंगाळत येतं, थंडीत दुप्पट-तिप्पट वेळ घेतं. उजव्या डायलमधल्या स्क्रीनवर ऑइल टेंपरेचरचं पान लावता येतं, मी ते कायम लावून ठेवते. जानेवारीत, म्हणजे निफाडचा पारा पाच-सहावर असतो त्या दिवसांत, माझ्या गाडीला ऑइल ८० ला यायला शहर सोडून बरंच पुढे जावं लागतं. ८० च्या आत काही नाही म्हणजे नाही. पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचे, तापले की फुगतात आणि तेव्हाच सिलिंडरमध्ये नीट बसतात, बेअरिंगला पातळ ऑइलचा थर लागतो, टर्बोचा दांडा त्याच ऑइलवर फिरतो. गिअरबॉक्सचं ऑइल, शॉकअ‍ॅब्सॉर्बर, टायर, ही मंडळीही तोवर थंडच असतात.

माझे मामा सातपूरला मायकोत, म्हणजे आताच्या बॉशमध्ये, होते, आयुष्य डिझेल पंप आणि नोझलच्या मायक्रॉनमध्ये गेलेलं. मी पहिल्यांदा त्यांना फिरवायला नेलं तेव्हा काही न बोलता काट्याकडे बघत बसले आणि घाट लागल्यावर म्हणाले, "अगं, बैल जुंपल्या जुंपल्या कोणी शर्यतीला सोडतं का? आता अंग मोकळं झालंय त्याचं, आता सोड." त्यानंतर दुसऱ्या गिअरमध्ये साडेसात हजारपर्यंत नेली तेव्हा त्यांनी डॅशबोर्डवर हात ठेवला होता, घाबरून नाही, कंपन कसं आहे ते बघायला. "गुळगुळीत आहे," एवढंच बोलले. मला ते कुठल्याही इन्स्पेक्शन रिपोर्टपेक्षा मोठं वाटलं.

तर एकदा गरम झाली की किती दामटायची? पूर्ण. मनापासून सांगते, पूर्ण. रेडलाइन साडेसात हजारला आहे, पूर्ण ताकद साडेसहा हजारला येते, आणि ईसीयू त्या रेषेपलीकडे इंजिनाला स्वतःच्या जोरावर जाऊच देत नाही. मॅन्युअल गाडीत पाचव्याऐवजी चुकून दुसरा पडला तर चाकंच इंजिनाला ओढून नऊ-दहा हजारला नेतात आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, तो खरा धोका, आणि वरच्या रेंजमधल्या नोंदी तिथूनच येतात. पीडीकेमध्ये स्टिअरिंगमागचं गिअरचं पॅडल ओढलं तरी चुकीचा गिअर तो घेतच नाही. घाटात दुसरा-तिसरा धरून वळणाआधी ब्रेक, वळणात हलका पाय, बाहेर पडताना पूर्ण पाय, हे बराच वेळ केलं तरी माझं ऑइल ११० च्या आसपास राहतं, मे महिन्यातसुद्धा. स्टिअरिंग तर असं आहे की रस्त्यावरची खडी हाताला मोजता येते. इंजिन मध्ये असल्याने गाडी वळताना नाक आधी आणि शेपूट मग असं होत नाही, आपल्या कंबरेभोवती वळते. पहिल्या दिवशी सावळघाटात हे जाणवलं तेव्हा डोळ्यात पाणी आलं होतं, एवढी वर्षं ज्याची वाट पाहिली ते हेच.

आणि दामटणं म्हणजे वेग नव्हे हेही बोलायला हवं. दुसरा गिअर पूर्ण ताणला की काटा शंभरच्या पुढे जातो, म्हणजे इंजिनाची सगळी मजा पहिल्या दोन गिअरमध्येच संपते. पुढचे पाच गिअर आपल्या रस्त्यांवर प्रवासासाठी. कंपनीचा टॉप स्पीड २७५ लिहिलाय, तो मी बघितलेला नाही आणि समृद्धीवर बघण्याची इच्छाही नाही, तिथे मर्यादा १२० ची आहे. ज्यांना खरंच बघायचाय त्यांनी ट्रॅकची वाट धरावी. पेठ रोडला साडेसहानंतर दूधवाले, पोरं, कोंबड्या सगळं सुरू होतं, म्हणून मी साडेसहाला गाडी शांत करते, मग कितीही मोकळा दिसो रस्ता.

उलट बाजू कोणी सांगत नाही ती अशी की हळू चालवूनही हे इंजिन मारता येतं. नॉर्मल मोडमध्ये पीडीके अ‍ॅव्हरेजसाठी फार लवकर वरचा गिअर टाकतो, साठच्या वेगाला सातवा घालून बसतो. त्यात चढ आला आणि पाय दाबला तर टर्बो भरतो, टॉर्क तर १९५० आरपीएमपासून पूर्ण ३८०, आणि इंजिन खाली कण्हतंय. टर्बो आणि डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात कमी आरपीएमला जास्त लोड टाकला की मिश्रण ठिणगीच्या आधीच पेटू शकतं, तो धक्का पिस्टन आणि कनेक्टिंग रॉडवर बसतो, साडेसात हजारच्या फिरण्यापेक्षा कितीतरी वाईट. म्हणून चढाला मी स्वतः दोन गिअर खाली येते. ऑइल थंड असतानाही अगदी दीड हजारवर कुंथवत नाही, दोन ते अडीच हजारमध्ये सुखाने फिरू देते. गाडी अगदी नवी असताना पहिले ३००० किमी ४००० आरपीएमच्या आत ठेवा असं कंपनीच्या पुस्तकातच लिहिलंय.

लाँच कंट्रोल, म्हणजे उभ्या गाडीला एकदम पूर्ण ताकदीने सोडायची सोय, मी तीन वर्षांत चार वेळा वापरला असेल. चालतो, गाडी ४.७ सेकंदांत शंभर गाठते, पण क्लच, ड्राइव्ह शाफ्ट, माउंट सगळ्यांवर एकदम भार येतो आणि हे पुस्तकातही स्पष्ट म्हटलंय. मित्रांना दाखवायला सिग्नलवर करायची ही गोष्ट नव्हे.

आता माझी चूक. पहिल्याच वर्षी कसारा उतरताना मी ब्रेकवर फार विसंबले, ट्रकच्या मागे परत परत दाबत आले आणि खाली पोचल्यावर ट्रॅफिकमध्ये थांबले ते ब्रेक घट्ट दाबूनच, चार-पाच मिनिटं. वास येत होता. पुढच्या आठवड्यात ऐंशी-नव्वदला ब्रेक लावला की स्टिअरिंग थरथरायला लागलं. मी गाडी एका वर्कशॉपला नेली, तिथे सांगितलं डिस्क वाकल्या, चारही बदला, पॅडसकट, आणि आकडा असा की मी गप्पच झाले. मामा म्हणाले डिस्क अशी एका घाटात वाकत नाही, मोजून बघा आधी. मोजल्या, सरळ होत्या. झालं होतं असं की तापलेल्या पॅडचा माल डिस्कवर एकाच जागी छापला गेलेला, पॅड जिथे दाबून ठेवले होते तिथे, आणि तो जाडसर ठिपका प्रत्येक फेरीला लागत होता. मोकळ्या रस्त्यावर पहाटे शंभरवरून वीसपर्यंत जोरात पण न थांबता ब्रेक, असं आठ-दहा वेळा केलं, मग नुसतीच पंधरा मिनिटं चालवून गार केली, आणि थरथर गेली. तेच पॅड अजून आहेत. त्यानंतर घाट उतरताना तिसरा गिअर हाताने धरते आणि इंजिनालाच वेग अडवू देते, ब्रेक कमी वेळा पण ठाम लावते, सतत घासत नाही, आणि गरम ब्रेकवर उभं राहायचं असेल तर गाडी थोडी थोडी पुढे सरकवते. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी, कितीही कमी चालली तरी. ते हवेतलं पाणी ओढतं आणि आपल्याकडे पावसाळा चार महिने, पाणी शिरलेलं ऑइल लवकर उकळतं आणि पेडल एकदम मऊ होऊन खाली जातं, घाटात तो अनुभव कोणाला येऊ नये.

परत येताना शेवटची पाच-सात मिनिटं परत शांत. टर्बो लाल होईपर्यंत तापलेला असतो, चालत्या गाडीला हवा आणि ऑइल मिळतं तेव्हाच तो नीट गार होतो. गाडी बंद केल्यावर मागे पंखा बराच वेळ घुंघुं करत राहतो, तो बिघाड नाही, सोसायटीच्या वॉचमनकाकांनी दोनदा वर येऊन बेल वाजवलीय त्यासाठी.

शहरात मात्र ही गाडी चालवणं हे खरं काम आहे. सध्या कुंभाच्या तयारीत निम्मं नाशिक खोदलेलं आहे, आज चांगला असलेला रस्ता उद्या चर खणलेला असतो. माझं सगळ्यात मोठं नुकसान झालंय ते ताशी तीसच्या वेगात, पावसात, पाण्याने भरलेल्या खड्ड्यात. पुढची डावी रिम वाकली, टायरला कडेला फुगा आला, अलाइनमेंट गेली. तीन वर्षांत रेडलाइनने माझा एक रुपया घेतला नाही आणि त्या एका खड्ड्याने ऐंशी हजार घेतले. तेव्हापासून साचलेल्या पाण्यातून जातच नाही, वळसा घालते. स्पीडब्रेकर तिरके घ्यायचे, बेसमेंटच्या रॅम्पवर पुढचा ओठ घासतो म्हणून तिथेही तिरकं. १८ इंची चाकं निवडा, २० इंचीच्या मोहात पडू नका, फोटोत सुंदर दिसतात पण आपल्या रस्त्याला त्या टायरची बाजूची भिंत पुरत नाही.

नाशिकच्या द्वारका चौकातल्या ट्रॅफिकमध्ये पीडीकेचा क्लच जपायचा. ऑइलमधला क्लच आहे, टिकाऊ आहे, पण इंचाइंचाने सरकत राहिलं की तो सतत अर्धवट घसरत राहतो आणि तापतो. मी पुढे दोन गाड्यांची जागा होऊ देते आणि मग एकदाच जाते, मागचे हॉर्न वाजवतात, वाजवू दे. चढावर अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवणं तर कधीच नाही, ब्रेक दाबा.

एक गोष्ट विकत घेण्याआधी मला कोणी सांगितली नव्हती. पुढच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत रेडिएटर आहेत आणि तिथल्या जाळ्या कचरा खेचतात. पहिल्या उन्हाळ्यात दिंडोरीकडून आल्यावर एसी कमी वाटला म्हणून बंपर उघडला तर आत सुकी पानं, द्राक्षबागेतला पाला, पिशव्यांचे तुकडे आणि ट्रॅक्टरमागे उडालेल्या मातीचा थर. ओला राहिला की हा थर एसीचा कंडेन्सर सडवतो. आता दर फेब्रुवारीत, उन्हाळा लागायच्या आत, काढून साफ करून घेते. ४० डिग्रीत घाट चढवायचा तर रेडिएटरला श्वास हवाच.

टायर एन मार्कवालेच, म्हणजे पोर्शेने मान्य केलेलेच, लावते, पुढे २३५, मागे २६५, मागचे लवकर जातात. चारचा सेट दीड लाखाच्या आसपास पडला. खोली शिल्लक असली तरी सहा वर्षांनंतर बदलायचे, रबर कडक होतं. बाजूवर चार आकडी तारीख असते, आठवडा आणि वर्ष, ती बघा. समृद्धीच्या काँक्रीटवर उन्हाळ्यात निघताना हवा थंड टायरवर मोजूनच निघते. पेट्रोल मी जास्त ऑक्टेनचंच भरते. साध्यावर गाडी बंद पडत नाही, मिश्रण अवेळी पेटलं की नॉक सेन्सरला कळतं, ठिणगीची वेळ मागे घेतली जाते आणि गाडी सांभाळून घेते, पण उन्हात, भरल्या लोडवर दामटायची तर त्या सेन्सरच्या भरवशावर का राहायचं. अ‍ॅव्हरेज शहरात ६-७, हायवेला १२.

डिपस्टिक नाही, ऑइल लेव्हल स्क्रीनवरच बघायची, दर हजार किमीला बघते. ऑइल वर्षातून एकदा बदलते, चालली असो नसो, आणि जोरात चालवली असेल त्या वर्षी आधीच. सर्व्हिससाठी नाशिकबाहेर न्यावी लागते, दिवस मोडतो. नाशिकमध्येच टायर काढून देणाऱ्या एका दुकानात इम्पॅक्ट गनने बोल्ट एवढे आवळले की घरी सुटेनात, आता टॉर्क रेंच माझ्याच डिकीत असतो आणि बोल्ट माझ्यासमोर आवळले जातात.

उणिवा लिहायला हव्यात. आवाज सहा सिलिंडरसारखा नाही, चार हजारच्या खाली खरखरीत आहे, हे सगळे म्हणतात आणि खरं आहे. मला सवय झाली, आणि मूळ ७१८ म्हणजे १९५९ आणि १९६० ला टार्गा फ्लोरिओ जिंकलेली रेसकारही चार सिलिंडरचीच होती हे कळल्यावर त्या खरखरीवर प्रेमच बसलं. सामानाला मात्र तक्रार नाही, पुढे १५० लिटर, मागे २७५, दोघांचं सापुताऱ्याचं दोन दिवसांचं सामान आणि वणीहून आणलेला प्रसाद, सगळं मावतं. मागच्या डिकीत इंजिनाची ऊब येते, तिथे मिठाई ठेवू नका. पावसात रुंद मागच्या टायरखाली पाणी तुंबतं, ऐंशीच्या पुढे गाडी तरंगायला लागते, त्या महिन्यांत मी जोर करतच नाही.

पावसाळ्यातही आठवड्याला एकदा काढते, आणि काढली की किमान चाळीस मिनिटं, ऑइल पूर्ण तापेपर्यंत. नुसतं स्टार्ट करून पाच मिनिटांत बंद केलं तर ऑइलमध्ये पाणी आणि पेट्रोल साचतं, बॅटरीही भरत नाही. कॉलेज रोडवर कॉफीला जायला म्हणून ही गाडी काढू नका, दोन किमीसाठी घरात दुसरी गाडी असेलच.

तीस हजारपर्यंत चाललेली आणि कागद पूर्ण असलेली मिळाली तर मनात किंतु ठेवू नका, ओव्हर-रेव्ह रिपोर्ट, टायरच्या तारखा, ब्रेक ऑइल कधी बदललं आणि रेडिएटरच्या जाळ्यांत टॉर्च मारून कचरा, एवढं बघा. नाशिकमधल्या कोणाला घेण्याआधी बसून बघायची असेल तर रविवारी साडेपाचला पेठ रोडला या, पहिली वीस मिनिटं मी हळूच चालवणार आहे, तेवढा धीर धरा.